एका उद्यानाचा उत्कर्ष आणि ऱ्हास : औषधी उद्यानांच्या निमित्ताने

औषधी वनस्पतींची उद्याने हा आपल्या व्यवसायबंधूंच्या नित्य चर्चेचा विषय आहे. कोणत्या वनस्पती लावाव्यात, रोपे कोठून आणावीत, अनुदान कोणाकडून मिळेल, याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु लावलेले उद्यान पुढे दहा-वीस वर्षांनी का मरते, याचा विचार क्वचितच होतो. रोग्याच्या बाबतीत निदानाशिवाय चिकित्सेला हात घालणारा वैद्य आपण अज्ञ मानतो. उद्यानाच्या बाबतीत मात्र निदान न करताच पुनःपुन्हा नवी लावणी करण्याची आपल्याला सवय झाली आहे.

यासाठी एका उद्यानाचे संपूर्ण चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हे उद्यान आपल्याकडील नाही, औषधीही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील सायप्रस गार्डन्स हे ते उद्यान होय. थीम पार्क हा शब्द रूढ होण्यापूर्वीच ते त्या स्वरूपास पोहोचले होते. त्याचा जन्म, वैभव, विकार आणि अवशेष या सर्वांच्या तारखा उपलब्ध आहेत, म्हणून अभ्यासासाठी ते सोयीचे आहे.

आनूप भूमीतील उद्यान

फ्लोरिडाच्या मध्यभागी पोल्क नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग आहे. त्यातील विंटर हेवन या गावाभोवती अनेक सरोवरे असून ती कालव्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. त्यांपैकी इलॉइज सरोवराच्या काठची दलदल हे या उद्यानाचे मूळ स्थान. डिक पोप आणि त्यांच्या पत्नी ज्युली पोप यांनी २ जानेवारी १९३६ रोजी ते लोकांस खुले केले. जमिनींचे व्यवहार आणि जाहिरात हा डिक पोप यांचा पूर्वीचा व्यवसाय होता. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते, फ्लोरिडातील जमिनींचे भाव दहा वर्षांपूर्वीच कोसळले होते आणि अशा वेळी दलदलीत फुलझाडे लावून ती पाहण्यासाठी पैसे मागणारा मनुष्य लोकांना विक्षिप्त वाटला. वृत्तपत्रांनी त्यांस ‘दलदलीचा स्वामी’ आणि ‘चिखलाचा महाराजा’ अशा उपाधी दिल्या. आपल्याकडील स्वामी आणि महाराजा हे शब्द तेथे थट्टेसाठी वापरले गेले, परंतु पोप यांनी त्या थट्टेचीही जाहिरात करून घेतली.

चरकाचार्यांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. सायप्रस गार्डन्सची भूमी निःसंशय आनूप होती. ज्या वृक्षावरून उद्यानास नाव मिळाले तो सायप्रस, शास्त्रीय नावाने टॅक्सोडियम डिस्टिकम, हा त्या भूमीचा स्वाभाविक रहिवासी. शंकुधारी असूनही तो हिवाळ्यात पाने गाळतो, पाण्यात उभा राहतो, आणि त्याच्या मुळांची गुडघ्यासारखी टोके पाण्याबाहेर डोकावतात. त्याचे लाकूड सहसा कुजत नाही. हा वृक्ष तेथे कोणी लावला नव्हता आणि त्याला कोणाच्या शुश्रूषेचीही गरज नव्हती.

पोप दांपत्याने त्याच्या छायेत जे लावले ते मात्र पाहुणे होते. ॲझेलिया, कॅमेलिया, बोगनवेल अशी देशोदेशीची शोभिवंत झाडे त्यांनी आणली. कॅमेलिया ही आपल्या चहाच्या कुळातील, तर ॲझेलिया ही हिमालयातील बुरांसच्या कुळातील. झाडांमधून कालवे काढले आणि त्यांतून विजेवर चालणाऱ्या नावा सोडल्या. पुढे वैभवाच्या काळात ९० देशांतील ८,००० प्रकारच्या वनस्पती येथे असल्याचे उद्यानाकडून सांगितले जाई. संख्या मोठी होती, परंतु त्यांपैकी बहुसंख्य वनस्पतींस ती भूमी आणि तो काळ स्वभावतः सात्म्य नव्हता. म्हणून थंडीपासून संरक्षण, छाटणी, पुनर्लागवड यांचा भार उद्यानाच्या पाठीवर कायमचा बसला.

युक्ती आणि तिचे फळ

१९४० साली कडाक्याची थंडी पडली. उद्यानाच्या प्रवेशद्वारावर एक नारिंगी फुलांची वेल होती. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वेल महाराष्ट्रातही पुष्कळ लावली जाते आणि संक्रांतीच्या सुमारास फुलते म्हणून आपण तिला संक्रांतवेल म्हणतो. ही वेल हिमाने करपली. आतील झाडे सुस्थितीत होती, पण दारातील करपलेली वेल पाहून प्रवासी परत फिरू लागले. तेव्हा ज्युली पोप यांनी आपल्याकडील तरुणींना जुन्या काळच्या घेरदार पोशाखात वेलीपुढे उभे केले. वेल झाकली गेली आणि लोक आत येऊ लागले. पुढे वेल पुन्हा वाढली, पण तरुणी हटल्या नाहीत. घेरदार पोशाखातील युवती हीच उद्यानाची ओळख बनली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुसरी युक्ती घडली. पाण्यावर घसरणाऱ्या फळ्यांच्या, म्हणजे वॉटर स्कीच्या खेळाचे छायाचित्र वृत्तपत्रात पाहून जवळच्या छावणीतील सैनिक तो खेळ पाहण्यास आले. ज्युली पोप यांनी मुलांना व त्यांच्या मित्रांना सरोवरात उतरवून खेळ करून दाखविला. यातून नियमित प्रयोग सुरू झाले. आपल्या दहीहंडीच्या थरांप्रमाणे एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून वेगाने पाण्यावरून जाणारे मानवी मनोरे जगभर प्रसिद्ध झाले. १९५३ सालच्या ‘ईझी टू लव्ह’ या चित्रपटासाठी फ्लोरिडा राज्याच्या आकाराचा पोहण्याचा तलाव येथे बांधला गेला. छायाचित्रे, चित्रपट, दूरचित्रवाणी यांद्वारे उद्यानाचे नाव सर्वत्र गेले.

या युक्त्यांत आम्हांस दोष दिसत नाही. संकटात सुचलेली युक्ती ही बुद्धीची खूणच आहे. परंतु तिचा परिणाम पाहिला पाहिजे. लोक येत होते ते खेळ पाहण्यासाठी, आणि येता येता उद्यान पाहून जात होते. उत्पन्न खेळाचे आणि खर्च झाडांचा, अशी व्यवस्था नकळत तयार झाली. जोपर्यंत त्याहून मोठा खेळ दुसरीकडे नव्हता, तोपर्यंत ती व्यवस्था चालली.

ऱ्हासाचा क्रम

१ ऑक्टोबर १९७१ रोजी सुमारे तासाभराच्या अंतरावर वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. त्याआधी १९६० च्या दशकात नवा महामार्ग झाल्याने प्रवाशांचा ओघ जुन्या रस्त्यांवरून हटला होता. डिक पोप यांनी डिस्नेचे जाहीर स्वागतच केले. प्रवासी वाढतील आणि त्यांतील काही आपल्याकडे येतील, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु कालांतराने मुलांसह आलेले कुटुंब आपल्या सुट्टीचे सारे दिवस तिकडेच घालवू लागले.

१९८५ साली पोप कुटुंबाने उद्यान हारकोर्ट ब्रेस जोव्हानोव्हिच या प्रकाशन कंपनीस विकले. १९८८ मध्ये डिक पोप निवर्तले. १९८९ मध्ये उद्यान मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲनहॉयझर-बुश कंपनीकडे गेले. १९९५ मध्ये तेथील व्यवस्थापकांनीच ते विकत घेतले. या काळात शेवंतीचे महोत्सव, झाडांना प्राण्यांचे आकार देण्याची कला असे उद्यानाशी सुसंगत उपक्रमही झाले. परंतु २००१ च्या सप्टेंबरमधील दहशतवादी हल्ल्यांनंतर पर्यटन घटले आणि १३ एप्रिल २००३ रोजी उद्यान बंद झाले.

२००४ साली नव्या मालकाने ते घेतले आणि त्यात रोलर कोस्टर व पाळणे उभारले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार्ली, फ्रान्सिस आणि जीन ही तीन चक्रीवादळे त्या प्रदेशावरून गेली. वर्षअखेरीस उद्यान उघडले तेव्हा एका लाकडी रोलर कोस्टरला ‘ट्रिपल हरिकेन’ असे नाव देण्यात आले. विनोदबुद्धी टिकली, व्यवहार टिकला नाही. २००६ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. २००७ मध्ये पुन्हा मालक बदलला. २००८ च्या अखेरीस उद्यान बंद झाले, २००९ च्या मार्चमध्ये पाळण्यांविना उघडले आणि २३ सप्टेंबर २००९ रोजी सायप्रस गार्डन्स या नावाने ते कायमचे बंद झाले. २०१० च्या जानेवारीत मर्लिन एंटरटेनमेंट्स या कंपनीने ती जागा घेतली आणि १५ ऑक्टोबर २०११ रोजी तेथे लेगोलँड फ्लोरिडा सुरू झाले. पंचवीस वर्षांत सहा वेळा मालकी बदलली.

हेतू आगंतु की निज?

या ऱ्हासाचे कारण विचारले असता सामान्यतः डिस्ने, दहशतवादी हल्ले आणि वादळे ही तीन कारणे सांगितली जातात. आपल्या परिभाषेत हे आगंतु हेतू होत. ते खरे आहेत यात शंका नाही. परंतु तेवढ्यानेच रोग उत्पन्न झाला असे म्हणता येते का, हे पाहण्यासाठी त्याच राज्यातील आणखी दोन उद्यानांची तुलना उपयोगी पडते.

सेंट पीटर्सबर्ग शहरात संकन गार्डन्स नावाचे लहान, सुमारे चार एकरांचे उद्यान आहे. १९०३ मध्ये एका प्लंबरने ती खोलगट जागा घेऊन पाण्याचा निचरा केला आणि तेथे झाडे लावली. पुढे तेही तिकीट लावून दाखविले जाऊ लागले आणि तेही डिस्नेनंतर क्षीण झाले. परंतु १९९९ साली शहराच्या मतदारांनी कौल दिला आणि नगरपालिकेने ते विकत घेतले. ते आजही चालू आहे.

दुसरे, व्हेरो बीच येथील मॅकी जंगल गार्डन्स. हे १९३२ साली सुरू झाले आणि ८० एकरांवर पसरलेले होते. १९७६ मध्ये ते बंद पडले. बहुतेक जमिनीवर घरे झाली. उरलेली १८ एकर जागा १९९५ मध्ये स्थानिक नागरिकांच्या प्रयत्नाने विकत घेतली गेली आणि २००१ मध्ये ते मॅकी बोटॅनिकल गार्डन म्हणून पुन्हा उघडले.

तिन्ही उद्यानांचे आगंतु हेतू जवळपास सारखेच होते. तथापि जेथे उद्यान हे उद्यान म्हणूनच राखावे असा निश्चय करणारे लोक आणि त्या निश्चयास कायद्याचा आधार मिळाला, तेथे ते आकाराने लहान होऊन का होईना, जगले. जेथे मोठ्या खेळाला आणखी मोठ्या खेळाने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला, तेथे प्रत्येक उपायाने कर्ज वाढले. यावरून निज हेतू स्पष्ट होतो. सायप्रस गार्डन्सच्या झाडांचे पोषण झाडांवर अवलंबून नव्हते, ते तमाशावर अवलंबून होते. धातुक्षय आतून चालू होता, बाहेरच्या आघातांनी तो केवळ प्रकट केला.

जे उरले, ते कशामुळे?

एवढे सारे होऊनही मूळ उद्यान नष्ट झालेले नाही, ही या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. २००३ साली उद्यान बंद पडले तेव्हा स्थानिक लोकांनी ते वाचविण्यासाठी चळवळ केली. तिची परिणती २००४ मध्ये झाली. फ्लोरिडा राज्याने त्या जमिनीवरील बांधकाम-विकासाचे हक्क मर्यादित करणारा संरक्षण-करार पैसे देऊन मिळविला आणि मूळ उद्यानाची सुमारे ३० एकर जागा पोल्क काउंटीच्या मालकीची झाली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक व्यावसायिकाला ती झाडे ‘स्थावर अट’ म्हणून स्वीकारावी लागली. लेगोलँड उभारणाऱ्यांनीही उद्यान राखले. २०१४ मध्ये सायप्रस गार्डन्सचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाला.

त्या उद्यानात एक प्रचंड वड आहे. १९३९ साली तो लावला तेव्हा बादलीत मावेल एवढे रोप होते, असे सांगतात. त्यानंतर घेरदार पोशाखातील तरुणी आल्या आणि गेल्या, चित्रपट झाले, मालक बदलले, पाळणे उभे राहिले आणि उतरविले गेले. वड पारंब्या सोडीत राहिला. डिस्ने वर्ल्ड सुरू झाले तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, उद्यानाला पहिल्यांदा टाळे लागले तेव्हा ६४ वर्षांचा. वृक्षाचे आयुष्य आणि व्यवसायाचे आयुष्य यांची मापे भिन्न असतात. म्हणून वृक्ष व्यवसायाच्या आश्रयाने लावता येतो, पण त्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

आपल्याकडील स्थिती

आता आपल्या अंगणात पाहू. मुंबईच्या भायखळ्यातील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे जुनी राणीची बाग, हे १८६० नंतरच्या दशकातील वनस्पती उद्यान आहे. गोरखचिंचेसारखे दुर्मीळ वृक्ष तेथे आहेत. परंतु सामान्य मुंबईकर ते प्राण्यांसाठी ओळखतो, आणि २०१६ मध्ये आणलेल्या पेंग्विनांसाठी तर विशेषच. २००० नंतरच्या दशकात प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्विकासाची योजना पुढे आली तेव्हा तेथील वृक्षांच्या रक्षणासाठी नागरिकांना चळवळ करावी लागली. याउलट पुण्याचे एम्प्रेस गार्डन एका जुन्या कृषि-उद्यान संस्थेच्या हाती आहे. तेथेही जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते आणि मोठी गर्दी होते. परंतु ते प्रदर्शन फुलांचेच असते. प्रदर्शन उद्यानाची सेवा करते की उद्यान प्रदर्शनाची, हा भेद येथे लक्षात घ्यावा.

आपल्या औषधी उद्यानांस पाळणे आणि पेंग्विन यांचे भय नाही. त्यांचा तमाशा निराळा आहे, आणि तो म्हणजे तपासणी. आयुर्वेद महाविद्यालयांस औषधी वनस्पतींचे उद्यान राखणे नियमानुसार आवश्यक आहे. हा नियम उत्तम आहे. पण अनेक ठिकाणी तपासणीपूर्वी रोपवाटिकेतून कुंड्या येतात, नव्या पाट्या लागतात, आणि पावसाळा संपता संपता पाट्या उरतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली आणि त्यानंतर उद्यानांसाठी शासकीय साहाय्यही मिळू लागले. परंतु साहाय्याला मुदत असते, झाडाला नसते. काही ठिकाणी एखाद्या द्रव्यगुण-अध्यापकाच्या तळमळीने सुंदर उद्यान उभे राहते. ते अध्यापक निवृत्त झाले की चार-पाच वर्षांत त्याचे वाहनतळ होते. असे प्रसंग बहुतेक वाचकांच्या पाहण्यात असतील.

यात केवळ शोभेची हानी असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. हानी विद्येची आहे. बृहत्पंचमूळातील बेल, ऐरण, टेटू, पाडळ आणि शिवण हे पाचही वृक्ष किंवा वृक्षसदृश आहेत. त्यांची ओळख कुंडीत होत नाही. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगा आणि पाडळीची फुले पाहण्यास काही वर्षे थांबावे लागते. खरा अशोक, म्हणजे सराका, आणि रस्त्याच्या कडेला उंच वाढणारा आसुपालव यांतील भेद पुस्तकातील चित्रावरून शिकलेला विद्यार्थी बाजारातील साल पाहताना गोंधळतो, आणि त्या गोंधळाचे फळ स्त्रीरुग्णास भोगावे लागते. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी, रास्नेच्या नावाने विकली जाणारी निरनिराळी द्रव्ये, यांचा निर्णय जिवंत वनस्पती हाती घेऊन सर्व ऋतूंत पाहिल्याविना होत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात औषधी भूमीच्या परीक्षेसाठी एक अध्याय खर्ची घातला आहे, तो उगाच नव्हे.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, या न्यायाने काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, संख्येचा मोह सोडावा. आठ हजार प्रकारांची कीर्ती सायप्रस गार्डन्सला वाचवू शकली नाही. आपल्या भूमीस सात्म्य अशा वनस्पतींनी उद्यानाचा मुख्य भाग व्यापावा. कोकणातील महाविद्यालयाने आनूप प्रदेशातील, मराठवाड्यातील महाविद्यालयाने जांगल प्रदेशातील वनस्पतींचे उद्यान करावे आणि परस्परांशी देवघेव ठेवावी.

दुसरी, वृक्ष आणि क्षुपे यांचा हिशेब वेगळा ठेवावा. प्रत्येक वृक्षाची लावणीची तारीख, रोपाचे मूळ स्थान, पहिला पुष्पकाल यांची नोंदवही असावी. अध्यापक बदलला तरी वही राहते.

तिसरी, माळ्याचे पद कायमचे असावे. बागेचे ज्ञान पुष्कळदा अध्यापकापेक्षा माळ्यापाशी अधिक असते आणि त्यास आपण सर्वांत आधी कमी करतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, उद्यानाच्या जागेस लेखी संरक्षण असावे. संस्थेच्या ठरावात, नकाशात आणि शक्य तेथे विश्वस्तनिधीच्या घटनेत ती जागा उद्यानासाठी म्हणून बांधून घ्यावी. २००४ सालच्या एका करारामुळे पोप यांच्या उद्यानाची ३० एकर भूमी पुढील सर्व वादळांतून पार पडली. आपल्याकडे बहुधा अर्ध्या-पाऊण एकराचाच प्रश्न असतो.

पाचवी, उद्यानाचा उपयोग रोज व्हावा. चिकित्सालयात लागणारी ताजी गुळवेल, अडुळसा, निर्गुडी जर उद्यानातून येत असेल, तर उद्यान कोरडे पडल्याचे त्याच आठवड्यात कळते. तपासणीसाठी राखलेले उद्यान कोरडे पडल्याचे पुढील तपासणीपर्यंत कोणास कळत नाही.

पोप दांपत्याने आपल्या परीने काही गैर केले असे आम्हांस वाटत नाही. दलदलीत उद्यान फुलविणे आणि ते जवळजवळ पन्नास वर्षे चालविणे ही सामान्य कामगिरी नव्हे. त्यांच्या उद्यानाला उत्तम माळी मिळाले, उत्तम जाहिरात मिळाली. झाडांसाठी झाडे राखणारी व्यवस्था मात्र फार उशिरा मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा पाळण्यांच्या गर्दीत तीस एकरच हाती उरले. आपल्या उद्यानांस ती व्यवस्था लावणीच्याच दिवशी देता येईल. येत्या पावसाळ्यात ज्या संस्था लागवडीचा संकल्प करतील, त्यांनी रोपांच्या यादीआधी जागेच्या ठरावाचा मसुदा तयार करावा, अशी आमची विनंती आहे.